राखून ठेवलेली गती

व्यावसायिक बास्केटबॉल संघातील खेळाडूंचे हंगामापूर्वी जे मूल्यमापन केले जाते, त्याचा आवाका बाहेरून वाटतो त्याहून पुष्कळच अरुंद असतो. अमेरिकेतील एनबीए स्पर्धेत सराव शिबिरासाठी संघाला एकवीस खेळाडू ठेवता येतात. हंगाम सुरू होताना त्यांपैकी पंधरा पूर्ण करारावर आणि तीन दुहेरी करारावर, म्हणजे मूळ संघ आणि जी लीग या दुय्यम स्पर्धेतील त्याचा जोडसंघ यांच्यात ये-जा करण्याच्या अटीवर, राहू शकतात. त्या पंधरांतील तेरा-चौदा नावे करारातील हमीच्या रकमांनी आधीच पक्की झालेली असतात, त्यामुळे कोण राहणार आणि कोण जाणार हा वर्तमानपत्रांचा आवडता प्रश्न प्रत्यक्षात एखाद-दुसऱ्या जागेपुरताच उरतो. मूल्यमापकाची खरी परीक्षा त्या जागेवर होत नाही. ती होते, ज्याचे स्थान पक्के आहे आणि ज्याच्याविषयी संघ पुढील सहा-सात महिन्यांचे बेत रचून बसला आहे, अशा चौतीस-पस्तीस वर्षांच्या खेळाडूवर. ऑक्टोबरमध्ये तो संथ दिसतो, आणि हा संथपणा त्याने मुद्दाम पत्करला आहे की त्याच्यावर येऊन पडला आहे हे ओळखणे भाग असते.

शेवटच्या जागेसाठी झगडणाऱ्या खेळाडूंबाबतची अडचण त्या मानाने सरळ आहे, कारण ती मुख्यतः अंकगणिताची आहे. तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेल्या शंभर फेकींपैकी सरासरी पस्तीस बास्केटमध्ये टाकणारा नेमबाज हंगामपूर्व सामन्यांत वीस वेळा फेकत असेल, तर निव्वळ योगायोगाने त्याच्या दहा किंवा त्याहून अधिक फेकी यशस्वी होण्याची शक्यता सुमारे बारा टक्के असते, आणि चार किंवा त्याहून कमी यशस्वी होण्याची शक्यताही जवळजवळ तेवढीच. म्हणजे असे आठ नेमबाज उभे केले तर त्यांतला एक जण हिरा वाटेल आणि एक जण निकामी ठरेल, आणि आठही जण मुळात सारखेच असतील. हे ज्याला माहीत आहे तो फेकींची टक्केवारी बाजूला ठेवतो आणि पायांची रचना, चेंडू हातात येण्यापूर्वीची तयारी, तसेच बचावातले सरकणे पाहतो. सरकणे याचा अर्थ असा की, चेंडू घेऊन येणाऱ्याने आपल्या रक्षकाला चकवले की दुसरा रक्षक पुढे येतो, त्याने मोकळ्या सोडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे तिसरा धावतो आणि तिसऱ्याच्या माणसाकडे चौथा. पहिली दोन पावले कोणीही टाकतो. चौथे पाऊल वेळेवर पडते की नाही यावर शेवटच्या जागेचा निर्णय पुष्कळदा ठरावा, आणि शहाण्या संघांत तो तसा ठरतोही.

तरीही या निर्णयांचा इतिहास मूल्यमापकांना नम्र करणारा आहे. जेरेमी लिन या गार्डला डिसेंबर २०११ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने सोडले, ह्यूस्टन रॉकेट्सने घेतले, दोन हंगामपूर्व सामन्यांत मिळून त्याला सात मिनिटे खेळवले आणि नाताळच्या तोंडावर सोडून दिले. न्यूयॉर्क निक्सने त्याला घेतल्यानंतर ४ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यू जर्सी नेट्सविरुद्ध त्याने पंचवीस गुण केले आणि पुढचे काही आठवडे सारे शहर त्याच्या नावाने दुमदुमत राहिले. मालक-खेळाडू वादामुळे त्या वर्षीचे शिबिर आखूड झाले होते हे खरे, पण सात मिनिटांऐवजी सत्तर मिनिटे मिळाली असती तर निर्णय वेगळा झाला असता असे छातीठोकपणे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जॉन स्टार्क्सची कथा तर याहून बोलकी आहे. १९९० च्या निक्सच्या शिबिरात त्याने पॅट्रिक युइंगच्या डोक्यावरून चेंडू बास्केटमध्ये दाबण्याचे धाडस केले, युइंगने त्याला खाली पाडले, त्याचा गुडघा दुखावला, आणि दुखापतग्रस्त खेळाडूला मुक्त करण्यास नियम आड आल्यामुळे तो संघात राहिला. १९९४ मध्ये तो ऑल-स्टार सामना खेळला. त्याला संघात ठेवण्याचे श्रेय कोणत्याही पारख्या नजरेला नाही. ते नियमावलीतील एका कलमाला आहे.

आता ज्येष्ठ खेळाडूकडे वळावे. एनबीएच्या नियमित हंगामात ब्याऐंशी सामने असतात, आणि ज्याने असे बारा-चौदा हंगाम काढले आहेत त्याला ऑक्टोबरमधल्या सामन्यात जीव ओतण्याचे काहीच कारण नसते. तो बचावात परतताना धावत नाही, झपाझप चालतो. रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेली फेक झेलण्यासाठी, उडी मारण्याऐवजी अंगाने जागा अडवतो. पिक अँड रोलमध्ये, जिथे एक आक्रमक रक्षकाच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहून लगेच बास्केटकडे वळतो, तिथे तो वळतो खरा, पण चेंडूची अपेक्षा न ठेवता. हे सारे काटकसरीचे लक्षण असू शकते. दुर्दैवाने ऱ्हासाची लक्षणेही नेमकी हीच असतात, इतकेच नव्हे तर ती याच क्रमाने दिसू लागतात. वयस्क गवई तार षड्जाला जाण्याचे टाळून मध्यसप्तकातच रागाचे रूप उभे करतो तेव्हा ते त्याच्या प्रौढीचे फळ आहे की आवाजाची लाचारी, हे बैठकीतल्या रसिकाला जसे त्या एका मैफलीवरून सांगता येत नाही, तसेच हे आहे. उलट अनुभवी खेळाडू जितका हुशार, तितका त्याचा ऱ्हास उशिरा उघडा पडतो, कारण चेंडू कोठे पडणार हे आधी ओळखून तो आधीच तेथे पोहोचलेला असतो आणि धावण्याची वेळ स्वतःवर येऊच देत नाही.

टिम डंकनच्या कारकिर्दीत ही अडचण दोनदा उभी राहिली आणि दोन्ही वेळा तिचे उत्तर वेगळे निघाले. २०१०-११ च्या हंगामात त्याची सरासरी १३.४ गुणांवर आली, तोवरच्या त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत कमी. सॅन अँटोनियो स्पर्सने नियमित हंगामात एकसष्ट सामने जिंकूनही बाद फेरीत आठव्या मानांकनाच्या मेम्फिसकडून हार पत्करली, आणि एका युगाचा अंत झाला असे लिहिणारे लेख पोत्याने लिहिले गेले. त्याने वजन उतरवले, प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी त्याची मिनिटे काटेकोरपणे मोजली, आणि २०१२-१३ मध्ये १७.८ गुणांच्या सरासरीने तो वयाच्या सदतिसाव्या वर्षी एनबीएच्या सर्वोत्तम पहिल्या पाचांत निवडला गेला. पुढच्याच वर्षी स्पर्सने अजिंक्यपदही मिळवले. मात्र २०१५-१६ मध्ये सरासरी ८.६ वर उतरली आणि त्या उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. त्याची चाल दोन्ही काळांत सारखीच मोजूनमापून टाकलेली होती. एकदा त्या चालीच्या मागे साठा होता आणि एकदा नव्हता. एवढे सांगायलाही मागाहूनचा काळ लागतो, आणि मूल्यमापकाला तो मिळत नाही.

येथे यंत्रांचे समर्थक पुढे येतात. २०१३-१४ पासून एनबीएच्या सर्व क्रीडागृहांच्या छताला खेळाडूंचे स्थान सेकंदाला पंचवीस वेळा टिपणारे कॅमेरे बसले, आणि तेव्हापासून प्रत्येकाची सरासरी गती, धावलेले अंतर, चेंडूला झालेले स्पर्श यांचे तक्ते सकाळच्या चहाआधी तयार असतात. त्यांचा उपयोग नाकारणे हा दुराग्रह होईल. त्या तक्त्यांना नावे ठेवणाऱ्या जुन्या निरीक्षकांपैकी अनेकांची नजर मुळातच फारशी चांगली नव्हती, एवढे यंत्रांनी निश्चितपणे सिद्ध केले आहे. परंतु कॅमेरा वापरलेली गती मोजतो, आणि प्रश्न राखून ठेवलेल्या गतीचा आहे. निकोला जोकिच हा या पिढीतला सर्वांत सुस्त दिसणारा महान खेळाडू. त्याने २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा बहुमान मिळवला, आणि केवळ सरासरी गतीच्या स्तंभावरून कोणी त्याची निवड करू गेले असते तर त्याला शिबिरालाही बोलावले नसते. ज्याने धावायचे नाही असे ठरवले आणि ज्याला धावताच आले नाही, ते दोघे तक्त्यात एकाच रकान्यात बसतात.

मग पाहायचे काय? प्रस्तुत लेखकाच्या टिपणवह्यांत वर्षानुवर्षे काही खुणा पुन्हापुन्हा आल्या आहेत आणि त्यांतील एकही पूर्ण भरवशाची नाही. उडीनंतर खेळाडू दोन्ही पायांवर उतरतो की एका पायाला वाचवतो; जमिनीवर पडल्यावर उठताना हात टेकतो का; बाजूला सरकताना कमरेत वाकतो की गुडघ्यांत; चेंडू हातातून निसटल्यावर, म्हणजे राग आणि लाज यांनी काटकसरीचा विचार क्षणभर पुसून टाकल्यावर, तो मागे कसा धावतो. ही शेवटची खूण बाकीच्यांपेक्षा बरी म्हणायची, कारण त्या दोन-तीन सेकंदांत माणूस अभिनय करीत नाही. पण असे क्षण एका सामन्यात जेमतेम एक-दोन येतात, आणि काही ज्येष्ठ इतके निवांत असतात की त्यांना रागही येत नाही.

शिवाय पाहण्याची संधीच आक्रसत चालली आहे. लॉस अँजेलिस लेकर्सने २०१२ मध्ये आठ हंगामपूर्व सामने खेळले, आठही हरले आणि नंतर पंचेचाळीस विजयांसह बाद फेरी गाठली, यावरून सामन्यांचे निकाल किती निरर्थक असतात ते कळते. पण सामने आठ होते, एवढे तरी खरे. २०१७ पासून हंगाम लवकर सुरू होऊ लागला आणि हंगामपूर्व सामन्यांची मर्यादा सहावर आली. त्यांतही ज्येष्ठ खेळाडू दोन-तीन सामन्यांना बसूनच असतो आणि खेळला तरी उत्तरार्धात पोशाख बदलून बाकावर येतो. दिवसातून दोनदा सराव घेण्याची जुनी शिबिरे जवळपास संपली. खेळाडूंच्या आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले आणि त्याविरुद्ध गळा काढणाऱ्या माजी प्रशिक्षकांचे म्हणणे बव्हंशी स्मरणरंजन आहे. मूल्यमापनाचे मात्र त्यामुळे नुकसान झाले, कारण थकव्यात जे दिसते ते ताजेपणात दिसत नाही.

हंगामपूर्व सामने जगभर फिरवले जातात ही आणखी एक गुंतागुंत. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचाच. पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा, दुसरा १३०-१०६ असा, दोन्ही पेसर्सने जिंकले. क्रीडाप्रसार म्हणून त्या दोन दिवसांचे मोल वादातीत आहे, आणि पहिल्या दिवशी प्रेक्षागृह भरून टाकणाऱ्या शाळकरी मुलांनी जो गलका केला तो खेळाडूही विसरले नसतील. परंतु साडेबारा तासांच्या वेळफरकातून आलेल्या सॅक्रामेंटोच्या पायांविषयी त्या आठवड्यात कोणी काही मत बनवले असेल, तर त्याने पायांचे नव्हे, विमानप्रवासाचे मूल्यमापन केले. पेसर्सकडून खेळलेला डोमांटस सबोनिस पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच किंग्जकडे गेला आणि २०२३ मध्ये त्यांचा बाद फेरीचा सोळा वर्षांचा दुष्काळ संपला, याची चाहूल वरळीत कोणाला लागणे शक्यच नव्हते.

या व्यवसायात एक विशिष्ट अहंकार पोसला जातो आणि प्रस्तुत लेखक त्यापासून मुक्त असल्याचा दावा करीत नाही. अनामिक तरुणाला शोधून काढल्याचे श्रेय सर्वांनाच हवे असते. लिनला आपण आधीच ओळखले होते असे सांगणारे इतके आहेत की ते सगळे एका क्रीडागृहात मावणार नाहीत. पण त्याहून सूक्ष्म आणि अधिक चवदार हौस ही की, सारे जग ज्याला अजून थोर मानते त्याचे पाय संपले आहेत हे आपल्याला एकट्याला, एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सर्वांआधी कळावे. या हौसेत क्रौर्य आहे. स्वतःची नजर मंदावू लागलेल्या, चष्म्याचा नंबर वाढत चाललेल्या निरीक्षकाच्या ठिकाणी ती विशेष बळावते, कारण दुसऱ्याचा ऱ्हास हेरता येणे हाच आपला ऱ्हास न झाल्याचा पुरावा वाटू लागतो. एका तरुण सहकाऱ्याने असे एक टिपण वाचून, या खेळाडूने नेमके काय केले असते तर हे मत बदलले असते, असे साधेपणाने विचारले तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. वेगाने धावला असता तर उसने अवसान, हळू धावला तर ऱ्हास, असे दोन्ही बाजूंनी कुलूप लावलेले ते मत होते. त्यानंतर टिपणांची पद्धत बदलावी लागली. आता ज्येष्ठ खेळाडूच्या पानावर निष्कर्षाआधी, तो कशाने खोटा ठरेल ते लिहिले जाते, आणि तसे काही लिहिता आले नाही तर निष्कर्ष लिहिला जात नाही.

संघांचे व्यवस्थापक मात्र ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक नावापुढे एक आकडा मागतात, आणि रिकामी जागा त्यांना कामचुकारपणा वाटते. त्यांना विनंती एवढीच की, तेहतिशीपुढच्या खेळाडूंच्या नावासमोरचा तो रकाना डिसेंबर उजाडेपर्यंत, म्हणजे लागोपाठच्या दोन रात्री खेळण्याचे काही प्रसंग त्यांच्या पायांवर येऊन जाईपर्यंत, कोरा ठेवू द्यावा.