बुधवारचे गाणे

घरी मराठी, शाळेत कन्नड, शेजारी दखनी. पण १९८० साली बुधवारी रात्री आठला आमचे मंठाळ एकाच भाषेचे होई, सिलोनच्या गीतमालेच्या!

त्या वर्षी ‘कुर्बानी’तल्या ‘आप जैसा कोई’ने वेड लावले. वाद्यांचा ताफा नाही. ठेका आणि कोवळा आवाज. गाणारी नाझिया हसन कराचीची, अवघी पंधरा वर्षांची. संगीतकार बिड्डू आपल्या बेंगळुरूचा. १९८१ साली तिला फिल्मफेअर मिळाले.

आमची ताईही पंधराचीच. “अण्णा, मलाही गाणं शिकायचंय,” म्हणाली. अण्णांनी रेडिओ बंद केला. पुढच्या वैशाखात तिचे लग्न झाले.

नाझिया २००० साली गेली. ताई आजही भाकरी थापते. कान दिला, तर तोच ठेका ऐकू येतो.