टापांखालची वाळू

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं, की लोहा मागे पडल्यावर माळेगाव येतं. मार्गशीर्षात इथं खंडोबाची यात्रा भरते. त्या दिवसांत अख्खा माळ जनावरांनी भरून जातो: घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणीची खोंडं. भंडाऱ्याचा पिवळा रंग कपड्यांवर, माणसांवर आणि जनावरांच्या पाठीवरही चढतो. प्रस्तुत लेखक घोडा बघायला शिकला तो इथं, आजोबांचं बोट धरून.

आजोबांकडे स्वतःचा घोडा कधीच नव्हता. पण नात्यातले, ओळखीचे टांगेवाले घोडा घ्यायला निघाले, की त्यांना सोबत नेत. व्यापारी घोडा फुफाट्यात पळवून दाखवी. मऊ माती, उडणारी धूळ, फुललेली आयाळ. बघणाऱ्याचं मन तिथंच हरे. व्यापारी म्हणे, "काय खोड नाय बगा मामा, एकदम सरळ जनावर हाय." आजोबा मान हलवत आणि म्हणत, "हाय ना, चांगलंच हाय. जरा सडकंवर घे त्याला."

त्या एका वाक्यात त्यांची सगळी विद्या होती. कडक जमिनीवर घोडा दुडकी चालीने नेला, की पुढच्या पायातलं दुखणं लपत नाही. दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि धडधाकट पाय टेकताना खाली सोडतो. मऊ मातीत हाच घोडा बिनधोक वाटतो. मग आजोबा त्याला परत मऊ जमिनीवर आणायला सांगत, कारण काही दुखणी उलटी असतात. शिरा ओढल्या गेल्या असतील, तर रुतणाऱ्या मातीतच पाय जड पडतो. दात बघणं, खुरांना हात लावणं, भोवरे मोजणं हे सगळं नंतर. दोन्ही जमिनी बघितल्याशिवाय ते तोंडातून शब्द काढत नसत.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी हा लेखक शर्यतींचे अंदाज लिहायला लागला. पैसे लावायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा. एक वही; तीत शर्यतीच्या आधी घोड्याचं नाव आणि कारण लिहायचं, शर्यतीनंतर त्याच पानावर काय चुकलं ते. सुरुवात पुण्या-मुंबईच्या शर्यतींपासून झाली. वही खरी भरायला लागली ती मात्र रात्री उशिरा दिसणाऱ्या इंग्लंडमधल्या ऑल-वेदर शर्यतींनी. तिथली संध्याकाळ म्हणजे नांदेडची मध्यरात्र. गल्ली शांत झाल्यावर पडद्यावर वॉल्व्हरहॅम्प्टनच्या ट्रॅकचे दिवे लागायचे.

ऑल-वेदर ट्रॅक म्हणजे माणसाने तयार केलेली जमीन. इंग्लंडच्या हिवाळ्यात हिरवळ गोठते नाहीतर पाण्याखाली जाते आणि शर्यती रद्द होतात. त्यावर उपाय म्हणून 1989 च्या ऑक्टोबरअखेर लिंगफिल्डला कृत्रिम ट्रॅकवर पहिल्या शर्यती झाल्या. साउथवेलला लगेच त्याच हिवाळ्यात, वॉल्व्हरहॅम्प्टनला 1993 मध्ये दिव्यांच्या उजेडात, केम्प्टनला 2006 मध्ये आणि न्यूकॅसलला 2016 मध्ये असे ट्रॅक आले. पॉलिट्रॅक, टॅपेटा ही या जमिनींची नावं. घटक साधारण एकच: बारीक वाळू, कृत्रिम धागे, कुठे रबराचे तुकडे, आणि या सगळ्याला मेणाचा हात. मेणामुळे वाळूचा कण पाणी धरून ठेवत नाही. पाऊस खालून निघून जातो आणि वरचा थर जवळपास तसाच राहतो.

अंदाज लिहिणाऱ्याला हे "जवळपास तसाच" फार मोलाचं आहे. हिरवळीवर एकाच घोड्याच्या दोन वेळांची तुलना करायची तर आधी त्या दोन दिवसांची जमीन बघावी लागते. ब्रिटनमध्ये दोन घोड्यांमधलं अंतर मोजायचं, तर चांगल्या कोरड्या हिरवळीवर सेकंदाला सहा लांब्या (एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) धरतात, ओल्या रुतणाऱ्या हिरवळीवर पाच. एकाच सेकंदाची किंमत पावसाने बदलते. कृत्रिम वाळूवर जानेवारीतली वेळ मार्चमधल्या वेळेशेजारी ठेवता येते. म्हणून इथं घड्याळावर विश्वास ठेवावा, असं या लेखकाचं मत झालं. ते पूर्ण बरोबर नव्हतं, हे कळायला एक अख्खा हिवाळा गेला.

वहीच्या पहिल्या तीस-चाळीस पानांवर एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. हिरवळीवर मागे राहून शेवटच्या दोन फर्लांगांत सुसाट येणारा घोडा निवडायचा, आणि तो वाळूवर मधेच दिसेनासा व्हायचा. वेळा चांगल्या, वजन कमी, जॉकी चांगला. मग एका रात्री कॅमेरा समोरून लावलेला होता, आणि उत्तर दिसलं. पुढच्या घोड्यांच्या टापांखालून उडणारी वाळू मागच्या घोड्याच्या तोंडावर, डोळ्यांवर, छातीवर आदळत होती. निवडलेल्या घोड्याने एकदा मान वाकडी केली, दुसऱ्यांदा केली आणि मग पाय आखडते घेतले. तो थकला नव्हता, त्याला ते सोसवत नव्हतं. त्या दिवसापासून वहीत एक नवा रकाना आला: "वाळू खातो का?" पूर्वी वाळूवर घोड्यांमागे धावून जिंकला असेल तर होय. पुढे राहूनच जिंकला असेल तर माहीत नाही, असं स्पष्ट लिहायचं.

दुसरा रकाना गेटचा, म्हणजे घोडा सुटतो त्या कप्प्याचा. वॉल्व्हरहॅम्प्टनचा ट्रॅक डावीकडे वळणारा, छोटा, घट्ट वळणांचा. तिथं बाहेरच्या गेटमधून निघालेल्या घोड्याला कमी अंतराच्या शर्यतीत आत शिरायला जागाच मिळत नाही. लिंगफिल्डला शेवटचं वळण उतारावर येतं, तिथं तोल सांभाळणारा घोडा हवा. केम्प्टन उजवीकडे वळतो. न्यूकॅसलला तर एक मैल सरळ पट्टी आहे, वळणच नाही. तिथं गेट नंबरापेक्षा शेवटपर्यंत दम टिकवणं महत्त्वाचं. नाव एकच, ऑल-वेदर, पण प्रत्येक ठिकाणची परीक्षा वेगळी. एखादा घोडा एकाच ट्रॅकवर पुन्हा पुन्हा जिंकतो आणि दुसरीकडे नेला की सामान्य ठरतो, यात गूढ काही नाही.

जमीन किती उलथापालथ करते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण 25 ऑक्टोबर 2008 चं. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता ट्रॅकवर ब्रीडर्स कप क्लासिक होती. कर्लिन हा अमेरिकेचा लाडका घोडा. आदल्या वर्षी मॉनमथला चिखलात त्याने हीच शर्यत जिंकली होती आणि मार्चमध्ये दुबई वर्ल्ड कप. दोन्ही मातीवर. सांता अनितावर मात्र तेव्हा प्रो-राइड ही कृत्रिम वाळू होती. शेवटच्या वळणावर कर्लिनने जोर लावला, पुढे आला, आणि लोकांनी शर्यत संपली असं धरलं. मग जॉकी फ्रँकी डेटोरीच्या खाली इंग्लंडहून आलेला रेव्हन्स पास त्याच्या बाजूने निघून गेला. दुसराही युरोपातलाच, हेन्रीदनॅव्हिगेटर. कर्लिन चौथा. पहिले दोन्ही घोडे हिरवळीवर वाढलेले होते, आणि कृत्रिम वाळूची उसळी मातीपेक्षा हिरवळीला जवळची असते. हे आधी ज्यांनी लिहिलं असेल, त्यांच्यासाठी या लेखकाच्या मनात आजही आदर आहे.

पण हेच सूत्र सरसकट लावलं तर फसवतं. झेन्याटा या घोडीने पुढच्या वर्षी त्याच वाळूवर क्लासिक जिंकली, आणि 2010 मध्ये चर्चिल डाउन्सच्या मातीवर फक्त एका डोक्याच्या अंतराने हरली. सलग 19 विजयांनंतरची ती तिची एकमेव हार. "मातीवर हरली" असं म्हणणं सोपं आहे. पण ओकलॉनला ती मातीवर दोनदा जिंकली होती. त्या दिवशी ती सुरुवातीला फार मागे पडली, एवढंच खरं कारण दिसतं. उलट ॲनिमल किंगडम मातीवर कधीच न धावता 2011 ची केंटकी डर्बी मातीवरच जिंकला, आणि 2013 मध्ये दुबई वर्ल्ड कप टॅपेटावर. काही घोड्यांना जमीन विचारावी लागत नाही. असे घोडे थोडे असतात, आणि ते ओळखता येणं हा अंदाजाच्या कामातला खरा आनंद आहे.

आपल्याकडे मोठ्या शर्यती हिरवळीवर होतात. मुंबईत महालक्ष्मीला, 1883 पासूनच्या रेसकोर्सवर, नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्यात पावसाळ्यात. पण वाळू इथंही आहे, ती पहाटे. घोड्यांचा रोजचा सराव बहुतेक वाळूच्या ट्रॅकवर होतो, आणि त्याच्या वेळा इंग्रजी वर्तमानपत्रांत छापून येतात: अमुक घोडा, 800 मीटर इतके सेकंद, शेवटचे 600 इतके, आणि पुढे दोन शब्द. "सहज धावला", "जोर लावावा लागला", "सोबतच्या घोड्यापेक्षा सरस". अंदाज लिहिणारे आकड्यांवर झडप घालतात. या लेखकाचा अनुभव असा, की ते दोन शब्द आधी वाचावेत. सहज धावून 600 मीटर 40 सेकंदांत आलेला घोडा आणि मारून-मुटकून 38 मध्ये आणलेला घोडा यांत पहिला जास्त काही सांगतो. शिवाय सरावाची वाळू खोल असते. तिथं जड पुठ्ठ्याचा, ताकदीचा घोडा चमकतो. शर्यतीच्या हिरवळीवर तोच चमकेल असं नाही.

पुण्याच्या पावसाळी हंगामात जमीन मोजायला पेनिट्रोमीटर असतो. ठराविक उंचीवरून वजन पडू द्यायचं आणि लोखंडी कांडी किती आत जाते ते बघायचं. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. घोड्याच्या पाठीवरच्या वजनाचा हिशेब वेगळा. भारतातल्या हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे सरस घोड्याला जास्त वजन देणाऱ्या शर्यतीत, रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. कोरड्या जमिनीवर 60 किलो घेऊन जिंकलेला घोडा चिखलात तेवढंच वजन घेऊन निघाला, की तेच वजन वेगळं होतं. या दोन आकड्यांना एकत्र वाचणं ज्याला जमलं, त्याचा अंदाज निम्मा झाला.

मराठवाड्याला ही दुनिया परकी वाटते, पण तशी ती नाही. निजामाच्या राज्यात नांदेड-लातूर होतं, आणि त्याच राज्यात 1886 मध्ये शर्यती मौला अलीहून मलकपेटला आल्या. हैदराबादचं रेसकोर्स आजही तिथंच आहे. सिकंदराबादकडून मुंबईला जाणारी देवगिरी एक्स्प्रेस नांदेडवरून धावते. तिच्या दोन टोकांना दोन रेसकोर्स आहेत. आणि घोडा तर नांदेडच्या रस्त्यावरचाच. होळीच्या सुमारास हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत घोडे दौडतात, तेव्हा कडक रस्त्यावरचा टापांचा आवाज ऐकून कान तयार होतो. चारही टापा सारख्या वाजतात की एक उशिरा, एवढंच ऐकायचं.

अंदाज सांगणं म्हणजे जुगाराला फूस लावणं, असा आक्षेप घरातूनही आला. तो मनावर घ्यावा असाच आहे. पैशांपायी टांगे विकलेली माणसं या लेखकाने बघितली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, ते योग्यच. पण लावलेला पैसा त्याने सुरक्षित होत नाही. सर्वाधिक पसंतीचा घोडासुद्धा साधारण तीन शर्यतींतून एकच जिंकतो. म्हणून "खात्रीचा घोडा" हे दोन शब्द या वहीत कधी आले नाहीत. "आतली खबर" या नावाने जे विकलं जातं, त्याची तर चीड येते, कारण त्यात घोडा कुठेच नसतो. अंदाजासोबत कारण लिहिलेलं असेल, तरच तो वाचणाऱ्याला तपासता येतो, खोडून काढता येतो.

माळेगावात आजही छातीवरचं देवमण शोधतात, अशुभ भोवरा दिसला की किंमत पाडतात. शुभ-अशुभ या लेखकाला पटत नाही. पण शर्यतीच्या घोड्याच्या पासपोर्टवर तेच भोवरे काळजीने टिपलेले असतात, कारण दोन घोड्यांचे भोवरे सारखे नसतात. घोडा बदलला तर तिथं पकडला जातो. बाजारातल्या म्हाताऱ्यांनी घोड्याकडे किती बारकाईने पाहिलं होतं, याचा हा पुरावा वाटतो.

मागच्या यात्रेला हा लेखक पुतण्याला घेऊन गेला. एक पंचकल्याणी घोडा फुफाट्यात असा काही नाचत होता, की मुलाचे डोळे हलेनात. "काका, हा घ्यायचा का?" घ्यायचा नव्हताच, तरी मोतद्दाराला विनंती केली, आणि त्यानेही आनंदाने लगाम धरला. घोडा माळ उतरून लातूर रस्त्याच्या कडेला आला. डांबरावर पहिली टाप वाजली, तेव्हा मुलाला सांगितलं, पायांकडे बघू नको, डोक्याकडे बघ.