न पडलेला रुमाल

‘पांचांमुखीं परमेश्वर’ ही आपली जुनी म्हण. अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलमध्यें मैदानावरील पंचांची संख्या सात असते; म्हणजे परमेश्वराचें सान्निध्य तेथें दोन मुखांनीं अधिकच असावयास हवें. परंतु असें मानणारा एकही गृहस्थ त्या विस्तीर्ण देशांत आम्हांस भेटला नाहीं. निदान हरलेल्या संघाच्या गांवीं तर नाहींच नाहीं.

फुटबॉल या नांवावरून वाचकांनीं भलतीच कल्पना करून घेऊं नये. त्या खेळांत पायाचें काम थोडें. लांबट चेंडू कांखेंत मारून अगर हातानें फेंकून प्रतिपक्षाच्या मुलखांत न्यावयाचा, आणि चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड तरी पुढें सरकावयाचें, अशी ही एक मोहीमच असते. अकरा-अकरा धिप्पाड गडी एकमेकांवर तुटून पडतात. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घातलेले पंच त्यांच्या भोंवतीं धांवत असतात, आणि ज्याला नियमभंग दिसेल तो कमरेचा पिवळा रुमाल काढून जमिनीवर टाकतो. त्या देशांत स्थायिक झालेल्या आप्तांकडे दोन हिंवाळे घालविण्याचा योग आम्हांस आला. आणि खरें सांगावयाचें तर खेळापेक्षां त्या रुमालावरून होणाऱ्या वादाचीच गोडी आम्हांस अधिक लागली. एकेक डाव चार-सहा सेकंदांत आटोपतो. वाद मात्र पन्नास वर्षें पुरतो.

पन्नास वर्षें ही अतिशयोक्ति नव्हे. २३ डिसेंबर १९७२ रोजीं पिट्सबर्ग येथें यजमान संघ ओकलंडच्या संघापुढें एका गुणानें मागें होता आणि अवघे बावीस सेकंद उरले होते. फेंकलेला चेंडू दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या टकरींतून मागें उसळला, आणि फ्रँको हॅरिस यानें तो जमिनीच्या अगदीं लगत उचलून थेट सीमेपार नेला. त्या वेळच्या नियमाप्रमाणें चेंडू जर केवळ त्याच्या सोबत्यालाच लागून उडाला असेल, तर हॅरिसचा झेल बाद होता. प्रतिपक्षाच्या गड्याला लागला असेल, तर तो ग्राह्य होता. तो कोणाला लागला याचा निर्णय आजतागायत झालेला नाहीं. पिट्सबर्गच्या लोकांनीं त्या झेलाला मेरीमातेच्या निष्कलंक गर्भसंभवावरून नांव दिलें, आणि तेथील विमानतळावर हॅरिसचा पुतळा जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेजारीं उभा केला. ओकलंडच्या चाहत्यांस तीच घटना दिवसाढवळ्या झालेली चोरी वाटते. त्या झेलाचा सुवर्णमहोत्सव अवघ्या तीन दिवसांवर आला असतां, डिसेंबर २०२२ मध्यें, हॅरिस वारला. वाद मात्र त्याच्या मागें हयात आहे.

हीं सारीं माणसें लबाड आहेत कीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९५१ सालीं प्रिन्स्टन व डार्टमथ या दोन महाविद्यालयांमध्यें याच खेळाचा एक अतिशय धसमुसळा सामना झाला. पुढें हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनीं त्या सामन्याचा एकच चित्रपट उभय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस दाखविला आणि दिसतील तितके नियमभंग टिपून ठेवावयास सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांस स्वतःच्या संघाचे जितके अपराध दिसले, त्यांच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांस दिसले. चित्रपट एकच, पडदाही तसाच. परंतु पाहणारा डोळा आपलें गांव बरोबर घेऊन बसतो. १९५४ सालीं प्रसिद्ध झालेला तो निबंध वाचल्यापासून ‘हें मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें’ हें वाक्य कानीं पडलें, कीं आम्ही थोडे सावध होतों.

डॅलसच्या चाहत्यांस तर अवघ्या आठ दिवसांत या गोष्टीचा अनुभव आला. ४ जानेवारी २०१५ रोजीं डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यांत डॅलसच्या खेळाडूवर रुमाल पडला, दंडही जाहीर झाला, आणि मग कांहीं सल्लामसलत होऊन तो रुमाल उचलण्यांत आला. डॅलस जिंकलें. त्या वेळीं डॅलसकरांच्या मतें पंचांचा विवेक वाखाणण्यासारखा होता. पुढच्याच रविवारीं ग्रीन बे येथें त्यांच्या डेझ ब्रायंटनें सीमेच्या लगत घेतलेला झेल पंचांनीं प्रथम मान्य केला आणि चित्रफीत पाहून अमान्य ठरविला. डॅलस हरलें, आणि तोच पंचवर्ग एका आठवड्यांत आंधळा ठरला! पुढें २०१८ सालीं झेलाची व्याख्याच बदलण्यांत आली. मात्र डेट्रॉइटचा उचललेला रुमाल परत द्यावा, अशी मागणी डॅलसमध्यें कोणीं केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

येथवरचे वाद हंसून सोडून देण्यासारखे आहेत. परंतु २० जानेवारी २०१९ रोजीं न्यू ऑर्लीन्स येथें जें घडलें, तें निराळ्या जातीचें होतें. वीस-वीस अशी बरोबरी होती आणि दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरला होता. चेंडू पोंचण्यापूर्वींच लॉस एंजेलिसच्या खेळाडूनें झेल घेणाऱ्यास धडक देऊन आडवें केलें. हें हजारों लोकांस दिसलें. आपण आधींच धडकलों हें त्या खेळाडूनेंही मागाहून कबूल केलें. आणि चूक झाल्याचें सामना चालविणाऱ्या संस्थेनेंही मान्य केलें. रुमाल तेवढा पडला नाहीं. तत्कालीन नियमांप्रमाणें अशा गोष्टीची चित्रफीत पाहून फेरतपासणीही करतां येत नव्हती. जादा वेळांत न्यू ऑर्लीन्स हरलें आणि अंतिम सामन्याची संधि हुकली. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशीं तेथील वृत्तपत्रानें पहिलें पान जवळजवळ कोरें सोडलें. चाहते न्यायालयांत गेले. त्यांपैकीं एका फिर्यादीनें, भरपाई मिळाल्यास ती धर्मादायास देऊं, परंतु अधिकाऱ्यांनीं शपथेवर उत्तरें द्यावींत, अशी भूमिका घेतली होती. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१९ मध्यें ती फिर्याद काढून टाकली. खेळाचे निकाल न्यायालयांत लागूं नयेत, हें आम्हांसही पटतें. परंतु त्या गृहस्थांची मागणी आम्हांस हास्यास्पद वाटली नाहीं.

याचें कारण आमच्या व्यवसायांत आहे. आम्ही जवळजवळ तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासत आलों आहों. फेरतपासणीचे अर्ज करणाऱ्यांत गुणांचे लोभी पुष्कळ असतात; पण सर्वच तसे नसतात. एका वर्षीं एक विद्यार्थिनी आली. तिची उत्तरपत्रिका आम्ही तिच्यासमोर ओळीनें वाचली आणि कोणत्या उत्तराला किती गुण व ते कां, हें सांगितलें. गुण एकही वाढला नाहीं. ती म्हणाली, “सर, आतां घरीं सांगतां येईल.” हरलेल्या मनुष्यास निकालाइतकीच निकालाच्या कारणाची भूक असते. तें कारण न मिळालें, कीं तो स्वतःच एक कारण बनवितो, आणि तें बहुधा कटाचें असतें.

न्यू ऑर्लीन्सच्या प्रकरणानंतर एका हंगामापुरता नियम बदलून पाहिला. अशा धडकांची फेरतपासणी करतां येऊं लागली. परंतु तपासणारेही माणसेंच निघाले, नवे वाद माजले, आणि २०२० सालीं तो नियम सोडून देण्यांत आला. २०२५ पासून दहा यार्डांचें अंतर सांखळीऐवजीं मुख्यतः कॅमेऱ्यांच्या साहाय्यानें मोजतात. मोजमाप बिनचूक होतें. परंतु कोठून मोजावयाचें तो ठिपका अजूनही धांवत येणारा पंचच ठरवितो. त्याच वर्षीं जानेवारींत कॅन्सस सिटी येथें बफेलोचा जॉश ॲलन इंचभर पुढें गेला कीं नाहीं, यावरून जो गदारोळ झाला, तो अशाच ठिपक्याचा होता.

तेव्हां पंच चुकणार, हें गृहीतच धरलें पाहिजे. शर्यतीच्या वेगांत झालेली चूक क्षम्य आहे. पंचालाही दोनच डोळे असतात. परंतु सामना संपल्यावर कोणी शांतपणें ‘असें कां?’ म्हणून विचारलें, तर त्यास उत्तर देण्यास वेळेचें बंधन नसतें. तें उत्तर न देणें हाही एक न टाकलेला रुमालच. आणि तो मात्र घाईंत राहून गेला, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.