दुष्काळी तालुक्याचा आमदार

परळ, लालबाग, भोईवाडा ही गिरणगावची वस्ती म्हणजे एके काळी महाराष्ट्राचा लहानसा नकाशाच होता. एका चाळीत मालवण, दुसरीत सातारा, तिसरीत सोलापूर आणि अधूनमधून आम्हां ख्रिस्ती कुटुंबांची बिऱ्हाडे. गावाकडची बातमी प्रथम गॅलरीत यायची आणि मग वर्तमानपत्रात. आमच्या भोईवाड्यातील चाळीत सांगोला तालुक्यातून आलेले गिरणी कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांच्या तोंडून एक नाव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते म्हणत, 'आबा'. विधानसभेच्या निवडणुकीचा दिवस आला की त्यांतील एक गृहस्थ खाड्याची पर्वा न करता रात्रीच्या एस.टी.ने गावी जात आणि बोटावर शाई घेऊन तिसऱ्या दिवशी परतत. एका मताने काय होणार, असे कोणी विचारले की ते म्हणत, "आमच्या आबाला मत घालायचं राहिलं, तर गावाला तोंड कसं दाखवू?"

हे आबा म्हणजे गणपतराव देशमुख. सोलापूर जिल्ह्यातील पेनूरचा जन्म, शिक्षणाने वकील आणि विचाराने शेतकरी कामगार पक्षाचे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे अशा मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून जो पक्ष उभा केला, त्याचा लाल बावटा गणपतरावांनी तारुण्यात खांद्यावर घेतला, तो अखेरपर्यंत खाली ठेवला नाही. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. तीत ते सांगोल्यातून निवडून आले. पुढे १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून, अकरा वेळा. सभागृहातील त्यांची एकूण वर्षे पन्नासच्या पुढे जातात.

विजयांच्या या माळेत दोन मणी कमी आहेत, आणि माणूस ओळखायचा तर तेच पाहावे लागतात. १९७२ साली ते पराभूत झाले, पण दोनच वर्षांनी पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत आणले. १९९५ साली शहाजीबापू पाटील यांच्याकडून त्यांचा पराभव झाला, तो अवघ्या १९२ मतांनी. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. त्या वयात दुसरा कोणी पक्ष बदलता, अथवा घरी बसून आठवणी लिहिता. गणपतरावांनी यांपैकी काहीच केले नाही. आमदारकी नसतानाही ते तालुक्याच्या कामात राहिले आणि १९९९ साली पुन्हा सभागृहात जाऊन बसले. पद गेल्यावर ज्याच्या दिनक्रमात फारसा फरक पडत नाही, त्याने पदावर असताना काय केले असेल याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

त्यांच्या साधेपणाच्या कथा महाराष्ट्रभर पसरल्या. आमदार असून एस.टी.ने प्रवास करणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती झाली. आम्हांला मात्र साधेपणाचे अवास्तव कौतुक करण्याचा मोह टाळावासा वाटतो. साधा माणूस निष्क्रिय असू शकतो, आणि निष्क्रिय माणसाचा साधेपणा मतदारांच्या काय कामाचा? खरा प्रश्न असा की, पन्नास वर्षे ज्या मातीने त्यांना निवडून दिले, त्या मातीच्या पदरी काय पडले?

सांगोला हा माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यातील तालुका. माण नदी नावाची नदी, वर्षातील बरेच महिने वाळूची. पाऊस बेभरवशाचा. म्हणून तर तेथील माणसे घोंगडी खांद्यावर टाकून मुंबईच्या गिरण्यांत आली. या भागाला कृष्णेचे पाणी मिळावे यासाठी नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. त्या चळवळीत गणपतराव वर्षानुवर्षे उभे राहिले. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने दुष्काळी तालुक्यांना द्यायचे, अशी ही योजना. अशा योजनांना निधी मिळतो तो चमच्याने. एका अर्थसंकल्पात एक टप्पा, दुसऱ्यात एक कालवा, मध्ये एखादे सरकार पडते आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते. येथे दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या आमदाराचे मोल कळते. मंत्री बदलले, सचिव बदलले, परंतु मागच्या वेळी काय आश्वासन दिले होते हे आठवणारा एक माणूस सभागृहात तसाच बसून होता. त्याच तालुक्यात पुढे डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या आणि सांगोल्याचे डाळिंब दूरवरच्या बाजारात गेले. त्याचे श्रेय प्रथम शेतकऱ्यांच्या कष्टाला, हे उघडच आहे.

भोईवाड्यात राहणाऱ्या आम्हांला त्यांची एक गोष्ट विशेष चटका लावून जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. सकाळचा भोंगा बंद झाला, खानावळी ओस पडल्या, आमच्या चाळीतील ती सांगोल्याची खोलीही रिकामी झाली. ज्या जमिनीवर साचे खडखडत होते, तेथे पुढे काचेचे मनोरे उभे राहिले. आणि इकडे कापसासाठी कधीच नाव नसलेल्या सांगोल्यात गणपतरावांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली. सहकारातील सूतगिरण्या आजारी पडण्याची बातमी महाराष्ट्राला नवी नाही. त्या गर्दीत सांगोल्याची गिरणी नीट चालविलेली संस्था म्हणून ओळखली गेली. ज्या तालुक्याने आपली मुले सूत काढायला मुंबईस धाडली, त्याने सूत काढण्याचे काम आपल्या दारी नेले! परळच्या आमच्या डोळ्यांदेखत जे विझले, त्याची एक ठिणगी माणदेशात जपली गेली, असे आम्हांला वाटते.

लोकप्रतिनिधीचे काम म्हणजे केवळ भाषण नव्हे, हे भोईवाड्याइतके कोणाला ठाऊक असणार? के.ई.एम. आणि टाटा ही रुग्णालये आमच्या उंबऱ्याशी आहेत. गावाकडून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातलग पदपथावर पथारी पसरून राहतात, हे दृश्य आम्ही रोज पाहतो. त्यांच्या पिशवीत तपासणीच्या कागदांबरोबर बहुधा आणखी एक कागद असतो, तो म्हणजे आमदारांचे पत्र. त्या चिठ्ठीने खाट मिळेलच असे नाही. पण आपल्या मागे कोणीतरी आहे, एवढा धीर ती घडी घातलेली चिठ्ठी देते.

दूरच्या आयर्लंडमध्येही ग्रामीण राजकारणाचा पाया हाच आहे. तेथील लोकप्रतिनिधी ठरावीक दिवशी आपल्या भागात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात, आणि त्या बैठकीला दवाखान्यासारखे 'क्लिनिक' असेच म्हणतात. मेयो परगण्याचे एन्डा केनी वडिलांच्या निधनानंतर १९७५ च्या पोटनिवडणुकीत निवडून आले आणि २०२० पर्यंत संसदेत राहिले. मध्यंतरी २०११ ते २०१७ ते पंतप्रधान होते. फरक एवढाच की, आयर्लंडच्या राज्यघटनेनुसार वीस ते तीस हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी असतो, आणि आपल्याकडे एका आमदाराच्या पदरी तीन लाखांच्या आसपास मतदार. आपल्या केरळातही पाला येथील कॅथोलिक नेते के. एम. मणी २०१९ साली मृत्यू येईपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ त्याच मतदारसंघाचे आमदार होते. म्हणजे चिकाटी ही काही एकाच मातीची मिरास नाही.

तरीही एक शंका मनाला डाचते, आणि ती लपवून चालणार नाही. एकाच माणसावर पन्नास वर्षे विसंबणे लोकशाहीच्या प्रकृतीला मानवते काय? विश्वासाची सवय झाली की प्रश्न विचारण्याची सवय मोडते. गणपतराव टिकले, पण त्यांचा पक्ष राज्यात आक्रसत गेला. एके काळचा प्रमुख विरोधी पक्ष मोजक्या जागांवर आला. १९७८ आणि १९९९ साली त्यांना मंत्रिपद मिळाले खरे, परंतु सत्तेची किल्ली सदैव दुसऱ्यांच्याच कमरेला राहिली. २०१९ साली वयपरत्वे ते थांबले आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले, तेव्हा अवघ्या ७६८ मतांनी ती जागा गेली. विजयी झाले तेच शहाजीबापू पाटील. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ती परत मिळविली. घराण्याला विरोध करणाऱ्या विचारांच्या पक्षालाही शेवटी घराच्याच उंबऱ्याकडे पाहावे लागले, हा विरोधाभास नोंदविलाच पाहिजे. मात्र १९२ आणि ७६८ हे दोन आकडे आम्हांला दिलासाही देतात. सांगोल्याचा मतदार प्रेमाने आंधळा झालेला नव्हता. दर वेळी त्याने तराजू हाती घेतला होता. गणपतरावांनाही ते ठाऊक असावे, म्हणूनच त्यांनी मत गृहीत धरले नाही.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. वयाची नव्वदी त्यांनी ओलांडली होती. सांगोल्यात शासकीय इतमामात त्यांना निरोप देण्यात आला.

वाचकहो, आपल्या घरांतून मुले डॉक्टर व्हावीत, शिक्षक व्हावीत, परिचारिका व्हावीत, यासाठी आपण प्रार्थना करतो. राजकारणाचे नाव निघाले की मात्र "ते आपले काम नव्हे" म्हणून दार लावून घेतो, आणि मग त्या दाराबाहेर भलत्यांचीच गर्दी झाली म्हणून हळहळतो. सार्वजनिक काम घाणेरडे आहे असे म्हणणाऱ्याने ते स्वच्छ हातांनी कोणी केले याचा शोध घ्यावा. पाण्यासाठी तीच मागणी तिसाव्या वर्षीही न कंटाळता मांडणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कामाला जाणे, यालाही व्रत म्हणतात. आपल्या एखाद्या घरातील मुलगी वा मुलगा उद्या नगरसेवकाच्या निवडणुकीस उभे राहावे म्हणाला, तर त्याला परावृत्त करण्यापूर्वी या दुष्काळी तालुक्याच्या आमदाराची हकिगत त्याला जरूर सांगावी.