पाण्याचा हिशेब

आमच्या डायनिंग टेबलवर सध्या ताटं मांडायला जागा नाही, सगळे नकाशे! येत्या जुलैत ॲडलेडहून निघून सिम्प्सन वाळवंट पार करायचा बेत आहे. डालहाउसीच्या झऱ्यांपासून बर्ड्सव्हिलपर्यंत वाळूच्या जवळजवळ ११०० टेकड्या, मध्ये एकही पेट्रोलपंप नाही. सोबत दुसरी गाडी मिळाली तरच जायचं, अशी बायकोची अट. ती मान्य.

डिझेलचा हिशेब जमला, पाण्याचा काही जमेना. माणशी किती लिटर? घाबरून आकडा रोज वाढतोय. आणि याच वाळवंटात वांगकांगुरू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, हाताने खणलेल्या 'मिकिरी' विहिरींच्या भरवशावर. १८८६ साली डेव्हिड लिंडसे इथे आला, तेव्हा या विहिरी त्याला त्यांच्यातल्याच एका वाटाड्याने दाखवल्या.

परवा फोनवर आई म्हणाली, "अरे, त्या उजाड रानात बघायचंय तरी काय?" उजाड आपल्यासाठी गं. पाणी कुठे आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांचं ते घर होतं. ते घर बघायला चाललोय, आपलं पाणी आपणच घेऊन.

असो. काळजी नसावी, सॅटेलाइट फोन घेतलाय!