नागपूरला भेटणारी चार विमाने

मंडळी, कामानिमित्त नागपूरला गेलात तर विधानभवनाजवळचा झिरो माइलचा दगड पाहून या. इंग्रजांच्या काळातल्या जमीन-मोजणीचा हा खांब. त्याच्यावर गावोगावचे मैल कोरले आहेत: जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. देशाचा मध्य तो हाच, असे नागपूरकर सांगतात. काटेकोर मोजले तर थोडे इकडेतिकडे होईल म्हणा! पण नागपूर मध्यावर असल्याचा खरा उपयोग देशाने करून घेतला तो सोनेगावच्या विमानतळावर.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीचे विमानटपाल सुरू झाले. रफी अहमद किदवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला जमत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि जो तो आपल्या गावी परत. उजाडते न उजाडते तो मद्रासचे पत्र दिल्लीत पोचलेले असे. त्याच वर्षापासून साध्या पाकिटालाही जादा तिकीट न लावता विमान मिळू लागले.

हे नागपूरलाच का जमले? आकाशमार्गे मुंबई इथून सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता हजाराच्या आसपास. सुरुवातीची डाकोटा विमाने ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर चालत. मुंबईहून अडीच तास, कलकत्त्याहून चार. येणे-जाणे एका रात्रीत बसे. आज जेट विमान मुंबईला दीड तासात नेते, आणि समृद्धी महामार्गाने मोटारही आठ तासांत पोचते, ती गोष्ट वेगळी.

आमचे गाव सावनेरच्या पलीकडे, नागपूरपासून चौदा कोस. ज्वारी दाण्यावर आली की आम्ही पोरे आजोबांबरोबर माळ्यावर जागलीला असू. उत्तरेकडून घरघर ऐकू आली की आजोबा म्हणत, "दिल्लीचं इमान आलं रे पोरांनो, अर्धी रात झाली." घड्याळ कुणाकडे होते?

थोरले काका कलकत्त्याला गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत नोकरीला होते. १९६१ च्या श्रावणात आजीने अंथरूण धरले. "थोरल्याला बोलवा," एवढेच ती म्हणे. बाबांनी त्याच दिवशी पत्र टाकले. पण गावच्या नाल्याला पूर आलेला. तीन दिवस टपालाची थैली अलीकडेच पडून राहिली. तार करावी तर तारघरही पलीकडे, सावनेरला. चौथ्या दिवशी पाणी उतरले, पत्र नागपूरला गेले, आणि दुसऱ्या सकाळी काकांच्या हातात पडले. काका मिळेल त्या गाडीने निघाले. अकराशे किलोमीटर रेल्वेने आले, सावनेरपासून चिखल तुडवत पायी आले. घरी पोचले तो राख सावडायचा दिवस होता.

ते पाकीट काकांनी अखेरपर्यंत ट्रंकेत जपले. आता माझ्याकडे आहे. शिक्के पुसट झालेत, पण वाचता येतात. नागपूर ते कलकत्ता एक दिवस. आमचे गाव ते नागपूर चार दिवस.

रात्रीचे विमानटपाल १९७३ साली बंद झाले. आमच्या नाल्यावर पूल झाला तो त्याच्या पुढच्या वर्षी.