एक फेरी और

दिवाळीच्या सुटीत आमच्या जुन्या स्प्लेंडरच्या इंजिनातून खडखड येऊ लागली. टायमिंग चेन झिजून सैल पडली होती. मिस्त्रीकडे नेणार, तोच अब्बांनी अडवलं. घुग्घुसच्या कोळसा खाणीत ते फिटर होते. आता हात थरथरतात, म्हणून घरात त्यांना चहाचा पेलाही आम्ही अर्धाच भरून देतो.

अंगणात पोतं अंथरलं. मॅग्नेट धरायला सायकलची जुनी चेन लोखंडी पट्टीला आवळून पकड तयार केली. पुलर मात्र मागून आणला. तेल अम्मीच्या परातीत. (ती परात पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही!) नवी चेन अन् रबरी रोलर बसवला. मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण केसवरच्या खुणेसमोर, वरच्या चक्रीवरचा ‘ओ’ हेडच्या खाचेसमोर. एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतात.

जुळवलं, आणि इंजिन हातानं एक फेरी फिरवून पाहिलं. ‘टी’ जागेवर, ‘ओ’ मात्र नेमका उलट बाजूला! घाबरून चेन पुन्हा उतरवायला निघालो, तेव्हा अब्बा म्हणाले, “एक फेरी और.”

फिरवली. दोन्ही खुणा समोर. खालची क्रँक दोनदा फिरते तेव्हा वरची कॅम एकदा. सातवीला गुणोत्तर शिकवणारे आम्ही, बी.एड. झालेले!

मॅग्नेटचा नट अब्बांनीच आवळला. पाना दोनदा घसरला. आम्ही हात पुढे केला नाही.

असरच्या अजानीआधी किक मारली. अब्बा पोत्यावर बसून, डोळे मिटून, बराच वेळ इंजिन ऐकत राहिले.